खाणीने उपसलेलं पाणी गावाला परत कसं मिळवायचं?

चंद्रपूर, वणी, माजरी, उमरेड या कोळसापट्ट्यातल्या बैठकांत एक संवाद हमखास ऐकू येतो. गावकरी म्हणतात, "साहेब, खदानीनं आमच्या विहिरी आटल्या." समोरून शांतपणे उत्तर येतं, "यंदा पाऊसच कमी झाला ना!" आणि बैठक तिथेच संपते. गावाकडे आठवणी असतात, खाणीकडे आकडे. या लेखातली निम्मी खटपट त्या एका वाक्याला उत्तर तयार करण्यासाठी आहे. उरलेली निम्मी, ते उत्तर मान्य झाल्यावर टँकरवर बोळवण होऊ नये म्हणून.

मी कोळशाची उघडी खाण, म्हणजे ओपनकास्ट, डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. दगडखाण असो की लोहखनिजाची, मोजण्याची पद्धत हीच. कागद मात्र थोडे बदलतात.

आधी, पाणी जातं कुठे

वर्धा खोऱ्यात कोळसा बराकर नावाच्या खडकाच्या थरांत आहे आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या वर कामठी वालुकाश्म आहे. हा वालुकाश्म पाणी चांगलं धरतो. आपल्या विहिरी आणि बोअर बऱ्याचदा त्याच्याच जिवावर चालतात. कोळशापर्यंत पोचायचं तर हा थर कापावा लागतो. कापला की खड्ड्याच्या भिंतींतून पाणी पाझरतं, तळातल्या संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात, साठतं आणि पंपाने बाहेर नाल्यात जातं. पंप थांबला तर खाण बुडेल, म्हणून तो थांबत नाही.

अशा सततच्या उपशाने खाणीभोवतीची भूजलपातळी नरसाळ्यासारखी खचते. खड्ड्याजवळ जास्त, लांब जावं तशी कमी. खाण खोल आणि रुंद होत गेली की नरसाळंही पसरतं. त्यामुळे काठावरच्या विहिरी आधी जातात आणि लांबच्या काही वर्षांनी. मध्ये नदी किंवा खडकातला भ्रंश (खडक तुटून सरकल्याची रेषा) असेल तर हे चित्र एका बाजूला वेगळंही दिसू शकतं. भूमिगत खाणीत आणखी एक भानगड असते: छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांब काढल्यावर वरची जमीन खचते, भेगा पडतात आणि तळं किंवा विहीर रातोरात रिकामी होऊ शकते.

यातून लगेच एक व्यावहारिक गोष्ट निघते. खाण तुमच्या विहिरीपेक्षा खूप खोल असेल तर विहीर आणखी दोन-तीन मीटर खोदून उपयोग नसतो. नरसाळं तुमच्या मागे येतं. कर्ज काढून विहीर खोल करणारे शेतकरी पाहिलेत, म्हणून हे आधीच सांगतो.

वही सुरू करा, आजच

खाण अजून यायची असेल, तर विहिरींच्या पातळीची वही सुरू करायला ही फारच उत्तम वेळ. चालू असेल तरी आजपासूनची नोंद उद्या जुनी होणारच आहे.

गावाच्या नकाशावर दहा-बारा विहिरी निवडा. खाणीकडून गावाकडे सरळ रेषेत निघा: एक अगदी जवळची, एक अर्ध्या किलोमीटरवर, एक किलोमीटरवर, दोनवर. गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर यात हवीच. आणि सर्वांत महत्त्वाची ती जिला मी 'साक्षीदार विहीर' म्हणतो: खाणीपासून पुष्कळ लांब, दुसऱ्या बाजूची, पण तशाच खडकातली आणि साधारण तशीच वापरातली. शक्य असेल तर दोन घ्या. "पाऊस कमी झाला" याचं उत्तर हीच विहीर देते. पाऊस कमी झाला तर तीही तेवढीच खाली जाईल. ती जागेवर आणि खाणीकडच्या विहिरी चार मीटर खाली, असं दिसलं की पावसाचा मुद्दा बराच निकालात निघतो. तरी महसूल मंडळाचे पावसाचे आकडे महारेनच्या संकेतस्थळावरून काढून वहीत चिकटवा. समोरचा ते घेऊन येणारच.

मोजायचं कसं? विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा लिहून ठेवा आणि ती वजा करा. मीटर-टेपला लोखंडी वजन बांधून सोडा. वेळ पहाटेची, मोटार सुरू व्हायच्या आधी. रात्रभर मोटार चालली असेल तर ते मोजमाप वहीत 'मोटार चालू होती' असा शेरा मारून लिहा, पण तुलनेत धरू नका. आदल्या दिवशी शेजारच्या वावरात ओलित चालू होतं का, हेही टिपा. बोअरमध्ये टेप अडकतो. तिथे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकांना लेखी विनंती करा. या यंत्रणेच्या स्वतःच्या निरीक्षण विहिरीही जिल्ह्यात आहेत. तुमच्या जवळची कोणती ते विचारून तिच्या जुन्या नोंदी मागून घ्या. खाण येण्याआधीची पातळी सरकारी कागदावर सापडली, तर अर्धं काम झालं.

किती वेळा मोजायचं? जमलं तर दर महिन्याला. नाहीच जमलं तर मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी ही चार मापं चुकवू नका. पर्यावरण मंजुरीच्या पत्रांत खाणीलाही वर्षातून साधारण या चार वेळांना भूजल मोजायला सांगितलेलं असतं. दोघांच्या तारखा जुळल्या की दोन तक्ते शेजारी ठेवता येतात.

प्रत्येक मापाच्या वेळी दोन माणसं हवीत, एक मोजणारा आणि एक लिहिणारा. फोनवर तारीख-ठिकाण उमटणारा फोटो घ्या. तिमाहीला एकदा वही ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात तशी नोंद करून घ्या. ग्रामसेवकांची (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) सही-शिक्का घ्या. कोऱ्या वहीत एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या तीन वर्षांच्या नोंदी कुठल्याही अनुभवी अधिकाऱ्याला लांबून ओळखू येतात. तो मोह टाळा.

एक किरकोळ वाटणारं, पण पुढे रडवणारं काम: विहिरीची नोंद तुमच्या सातबाऱ्यावर आहे का? नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करून लावून घ्या आणि पीक पाहणीत सिंचनाचं साधन भरा. कागदावर नसलेली विहीर आटत नसते.

विहीर किती पाणी देत होती, याचा आकडा

पातळी खाली गेली हे सांगणं पुरत नाही. किती लिटर गेले ते सांगावं लागतं. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर (३.१४ × ३ × ३ × १).

त्याहून महत्त्वाचा आकडा विहिरीच्या पाझराचा. मोटार लावून पाणी दोन मीटर उतरवा, मोटार बंद करा आणि दर पंधरा मिनिटांनी पातळी मोजा. तासाभरात २५ सेंटिमीटर चढली तर विहिरीचा पाझर ताशी ७,००० लिटर आहे. हीच चाचणी दरवर्षी त्याच महिन्यात, तेवढंच पाणी उतरवून करा. पातळी काठोकाठ असूनही पाझर निम्म्यावर आलेला दिसू शकतो. धोक्याची सूचना इथे आधी मिळते.

खाण किती उपसते, तेही मोजा

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या अटींनुसार उपशावर डिजिटल मीटर असतं, पण त्याचे आकडे गावात पोचत नाहीत. तोवर नाल्यावर जाऊन स्वतः अंदाज घेता येतो. फक्त खाणीच्या आवारात शिरू नका. आवाराबाहेर, जिथे पाणी सार्वजनिक नाल्यात पडतं तिथेच मोजा.

नाल्याचा दहा मीटर सरळ तुकडा निवडा. रुंदी आणि तीन-चार ठिकाणची खोली मोजून सरासरी काढा. वरच्या टोकाला लाकडाचा तुकडा किंवा संत्रं सोडा आणि दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघा. तीनदा करा. समजा रुंदी १.२ मीटर, खोली ०.२५ मीटर, वेळ २५ सेकंद. क्षेत्र ०.३० चौरस मीटर, वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागावरचं पाणी जास्त वेगाने धावतं, म्हणून वेगाला ०.८ ने गुणा: ०.३२. मग प्रवाह ०.०९६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ९६ लिटर. दिवसाला दहा तास पंप चालला तर सुमारे ३४.५ लाख लिटर.

पण हे माप कुठल्या महिन्यात घेता, यावर सगळं अवलंबून आहे. पावसाळ्यात खड्ड्यात पाऊसही पडतो. १०० हेक्टरच्या खड्ड्यावर १००० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख घनमीटर पाणी, आणि ते उपसण्याबद्दल कुणाची तक्रार असू शकत नाही. फेब्रुवारी ते मे दरम्यान जे पाणी बाहेर पडतं ते मात्र जवळपास सगळं जमिनीतून आलेलं. म्हणून उन्हाळ्यातली तीन-चार मापं वर्षभराच्या मापांपेक्षा बोलकी असतात. कंपनीच्या कागदात वार्षिक सरासरी दिलेली असेल तर महिनावार आकडे मागा. सरासरीच्या पोटात पावसाळा उन्हाळ्याला झाकून टाकतो.

कागदांवरची एककं एकदा पाठ करून टाका: १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, त्यालाच केएलही म्हणतात, १ एमएलडी म्हणजे दिवसाला १० लाख लिटर.

कागद: कुठला, कुठून

चार कागद हवेत. पहिलं पर्यावरण मंजुरीचं पत्र. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली मिळालेल्या मंजुऱ्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर सापडतात. कोळसा खाणींच्या पुष्कळ मंजुरीपत्रांत एक अट असते: खाणीच्या उपशामुळे जवळच्या गावांच्या विहिरी कोरड्या पडल्या तर त्या गावांची पाण्याची गरज प्रकल्पाने भागवायची. तुमच्या खाणीच्या पत्रात ती आहे का ते शोधा, तिचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक अर्जात तो क्रमांक टाका. "आम्हाला पाणी द्या" आणि "अट क्रमांक अमुकचं पालन करा" या दोन अर्जांना मिळणाऱ्या वागणुकीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दुसरा, त्या अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल. तो १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. त्यातला भूजलाचा तक्ता बघा: कुठल्या विहिरी मोजल्या, किती खोल. कधी कधी सलग दोन सहामाहींचे आकडे दशांशासकट तेच असतात. असं दिसलं तर दोन्ही पानांची झेरॉक्स जपून ठेवा.

तिसरा, केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना हरकत दाखला. २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाणीतला उपसाही या परवानगीखाली येतो. त्यात रोजची मंजूर मर्यादा, मुदत, आणि खाणीच्या परिघावर पीझोमीटर, म्हणजे पातळी मोजायच्या नळविहिरी, बसवण्याची अट असते. मुदत संपलेली आहे का, हे आधी बघा. चौथा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, ज्यात बाहेर सोडायच्या पाण्याचं प्रमाण आणि दर्जा लिहिलेला असतो.

जे सापडत नाही ते माहिती अधिकारात मागा. "खाणीची सर्व माहिती द्या" असं लिहू नका. "अमुक तारखेपासून पीझोमीटरच्या महिनावार नोंदी, उपसा मीटरचे महिनावार आकडे, सहामाही अहवालांच्या प्रती" असं नेमकं लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

पाण्याचा दर्जा

बदली म्हणून जे पाणी मिळणार ते बहुधा खाणीतलंच असेल, म्हणून चाचणी दोन्हींची करा: आपल्या विहिरीचं आधीचं आणि खाणीचं. कोळशात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असलं की हवा-पाण्याशी संयोग होऊन सल्फेट आणि लोह वाढतं, कुठे आम्लताही. सुरुंगाच्या दारूतून नायट्रेट येऊ शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००:२०१२) विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. सल्फेटसाठी २०० आणि ४००, फ्लोराइडसाठी १ आणि १.५, आणि नायट्रेट ४५ च्या वर नको. चंद्रपूर जिल्ह्यात फ्लोराइडकडे विशेष लक्ष द्या. विहिरीऐवजी खोल बोअर मारून दिला आणि त्यात फ्लोराइड निघालं, तर गावाने एक दुखणं देऊन दुसरं घेतलं असं होतं.

"खाणीचं पाणी पिण्याजोगं होतच नाही" असंही कुणी म्हणेल. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला खाणीचंच पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं आहे. प्रश्न खर्चाचा आणि तो कुणी करायचा याचा आहे.

मागणी: कशाच्या बदल्यात काय

इथे गावं सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा थांबून बोलू.

१,२०० वस्तीचं गाव घ्या. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने ६६,००० लिटर. ४०० मोठी जनावरं, उन्हाळ्यात प्रत्येकी ५० लिटर धरली तर २०,०००. ६०० शेळ्या, ३,०००. एकूण रोज ८९,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या नऊ खेपा. बैठकीत मात्र "रोज दोन टँकर देऊ" असं ठरतं आणि टाळ्या पडतात. जनावरं तर कुणी मोजतच नाही.

हे झालं पिण्याचं. शेताचं बघा. एका एकराला पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला सुमारे दोन लाख लिटर लागतात, म्हणजे वीस टँकर. गव्हाला पाच पाणी म्हटलं तर एकरी दहा लाख लिटर. टँकर हा विहिरीचा पर्याय कधीच नसतो. पाइपलाइन येईपर्यंतची ती सोय आहे. करारात टँकरला शेवटची तारीख घाला.

म्हणून मागणी दोन भागांत मांडा. पिण्यासाठी शुद्धीकरणासह नळयोजना, आणि शेतीसाठी खाणीचं पाणी नाल्यात वाया न घालवता शेततळ्यांत, बोडीत (लहान तळ्यात) किंवा पाटाने वावरात. शेतीच्या पाण्यात निवळण टाकी हवीच, नाहीतर कोळशाची भुकटी वावरात बसते. क्षारांचं प्रमाण जास्त असेल तर काळ्या कसदार जमिनीत ते पाणी सोडण्यापूर्वी कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या. ज्याचं ओलितच पार बुडालं त्याच्यासाठी पाणी येईपर्यंतच्या हंगामांची भरपाई हा वेगळा मुद्दा ठेवा. तो पाण्याच्या मागणीत मिसळला की दोन्ही अडकतात.

पुनर्भरणाचं काय? खाण आणि गाव यांच्या मधल्या पट्ट्यात चर, पाझर तलाव आणि विहीर पुनर्भरण केलं तर थोडा आधार मिळतो. पण खड्ड्याच्या अगदी काठावर मुरवलेलं पाणी परत खड्ड्यातच जातं आणि पंपाने बाहेर येतं. असे चर फोटोत छान दिसतात. जागा भूवैज्ञानिकाने ठरवलेली असेल तरच मान्य करा. न तपासलेलं खाणीचं पाणी तर भूजलात सोडूच देऊ नका.

आता लेखी करारात काय हवं: रोजचे किमान लिटर, उन्हाळ्यासह; दर्जाची तपासणी दर तिमाहीला, तीही गावाच्या माणसासमोर; वीजबिल, ऑपरेटर आणि दुरुस्ती कुणाकडे; बिघाड झाला तर किती तासांत टँकर. फिल्टर यंत्र बसवून दिलं आणि आतली गाळणीची झिल्ली बदलायला पैसे नाहीत म्हणून दोन वर्षांत त्याचं कपाट झालं, असं एका गावात पाहिलंय. त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या.

पैसा कुठून येणार हाही प्रश्न निघेल आणि कुणीतरी जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणबाधित भागासाठी खाणींकडून जमा होणारा, निधी सुचवेल. पिण्याचं पाणी त्या निधीच्या प्राधान्यक्रमात बसतं हे खरं. पण मंजुरीपत्रातली अट ही कंपनीची स्वतःची जबाबदारी आहे. ती प्रतिष्ठानच्या पैशातून भागवली तर आपल्याच हक्काच्या निधीतून आपलीच भरपाई होते. तो निधी दवाखाना-शाळेसाठी राखून ठेवा, असं माझं मत आहे. गावाची तहान तातडीची असेल तर निधी घ्या, पण ठरावात 'कंपनीची जबाबदारी अबाधित ठेवून' हे शब्द घाला.

ऐकलं नाही तर

आधी ग्रामसभेचा ठराव, सोबत वहीचा तक्ता आणि अट क्रमांक. तो खाणीच्या महाव्यवस्थापकांना, जिल्हाधिकाऱ्यांना, प्रदूषण मंडळाला, भूजल प्राधिकरणाला आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा. मंजुरीच्या अटी पाळल्या जातात की नाही हे बघायचं काम या शेवटच्या कार्यालयाचं आहे, आणि नेमकं तेच गावाच्या यादीत नसतं. संयुक्त पाहणीची मागणी करा. पाहणीला मे महिना मागा. ऑगस्टमध्ये येणारी पाहणी सगळ्या विहिरी भरलेल्या बघून जाते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. २०१० च्या कायद्यात कलम १४ खालच्या वादासाठी कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, तर कलम १५ खालच्या भरपाई व पुनर्स्थापनेसाठी पाच वर्षं अशी मुदत आहे. सबळ कारण असेल तर दोन्हींत ६० दिवसांची सवलत मिळू शकते. बैठकांवर बैठका होत राहतात आणि सहा महिने कधी सरले ते कळत नाही. म्हणून विहीर प्रथम कोरडी पडली ती तारीख वहीत ठळक लिहा आणि वकिलाला पहिल्या भेटीतच ती सांगा.

पंप बंद होईल तेव्हा

खाण एक दिवस संपते. उपसा थांबतो, खड्डा हळूहळू भरतो आणि भूजलपातळी काही वर्षांत चढू लागते. पूर्वीइतकी होईलच असं नाही. पण पंपच थांबला की त्यावर चालणारी तुमची नळयोजनाही थांबते. गोव्यात याच्या दोन्ही बाजू दिसल्या. डिचोली तालुक्यातल्या शिरगावात लोहखनिजाच्या खाणींचे खंदक भूजलाच्या खाली गेल्यावर गावच्या विहिरी आटल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. पुढे खाणी बंद असताना त्याच राज्यात खंदकांत साठलेलं पाणी उन्हाळ्यात नदीत सोडून नळयोजनांना आधार देण्याची पाळी आली.

तेव्हा खाण चालू असतानाच तिचा बंद करण्याचा आराखडा मागून घ्या. शेवटी उरणारा खड्डा किती मोठा, त्याचा उतार माणूस-जनावर पाण्यापर्यंत सुरक्षित उतरेल असा असणार का, त्या पाण्याचा हक्क आणि तपासणी कुणाकडे, आणि नळयोजनेचा पंप पुढे कुणाच्या विजेवर चालणार, हे त्यात लिहिलेलं असायला हवं. बंद करण्याच्या खर्चासाठी कोळसा खाणींना एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखलेल्या खात्यात, दरवर्षी रक्कम ठेवावी लागते. त्या पैशात गावच्या पाण्याची तरतूद करून घ्यायची तर ती आत्ताच. खाणीचं कार्यालय एकदा हललं की पत्र कुणाच्या नावे लिहायचं, तेही कळत नाही. आणि वही तेव्हाही बंद करू नका. पाणी परत चढतंय की नाही, ते त्याच कठड्यावरच्या खुणेपासून मोजायचं आहे.